बाईंचं घर माझ्या फोनात

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात एक शाल आहे. प्लास्टिकच्या पिशवीतून ती मी अजून बाहेर काढलेली नाही. पनवेलमधल्या एका बिल्डिंगच्या कमिटीने ती माझ्या खांद्यावर घातली तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. सोबत मिळालेल्या नारळाच्या वड्या बायकोने केल्या आणि कौतुकाने शेजारीपाजारी वाटल्या. या अंकासाठी ‘इंटरनेटवाल्याचे किस्से’ लिहून द्या असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो, कारण किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. लिहायला बसलो तर त्या शालीपलीकडे काही सुचेना. तेव्हा आधी थोडं धंद्याचं सांगतो आणि मग शालीकडे येतो. मध्येच पळून जाणार नाही.

मी मूळचा केबलवाला. गच्चीवर डिश, तिथून काळी जाड वायर आणि घराघरात टीव्ही. पुढे त्याच वायरीतून इंटरनेट आलं, मग फायबर आलं. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काच. तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर तुमचे सिनेमे, मिटिंगा, नातवंडांचे व्हिडिओ कॉल चालतात. काच तुटली की राउटरवर लाल दिवा लागतो आणि माझा फोन वाजतो. तुटलेली दोन टोकं एका मशिनमध्ये समोरासमोर धरून वितळवून जोडायची. जोड चांगला बसला की आत उजेड पुरेसा पोचतो, नाहीतर कितीही महागाचा प्लॅन घ्या, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? केबलचे दिवस धरून हे काम मी अठ्ठावीस वर्षं केलं आणि चांगलं केलं. माझा जोड सहसा पुन्हा उघडावा लागत नाही.

गिऱ्हाइकं मात्र नाना परीची. कामोठ्याचे एक रिटायर्ड साहेब रोज सकाळी आंघोळीनंतर स्पीड मोजायचे. शंभरचा प्लॅन घेतलेला. एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावून विचारलं, “चौऱ्याण्णव येतंय. वरचे सहा कुठे जातात?” मी घरभर राउटर शोधला. तो लोखंडी कपाटात होता, कुलूप लावून. नातू हात लावतो म्हणून. मी म्हणालो, “साहेब, वरचे सहा कपाटात आहेत.” ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण कनेक्शन तोडलं नाही.

नेऱ्याला एका म्हाताऱ्या बाबांची वायर सारखी तुटायची. तिसऱ्या खेपेला मी वैतागून विचारलं तर म्हणाले, “आमी नाय तोडली. उंदरानी तोडली. त्याला बी नेट पायजे आसंल.” मग मला बसवून चहा पाजला आणि हळूच म्हणाले, “नेट चांगला हाय रे, पन दोन दिस बंद रायला की तू येतंस, त्ये बी बरा हाय.” उंदराच्या त्या गोष्टीबद्दल मला संशय तेव्हा पहिल्यांदा आला.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वायफायचा पासवर्ड आम्ही गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबरच ठेवायचो. म्हणजे विसरायला नको आणि आम्हाला विचारायला नको. तो नंबर दाराच्या पाटीवर असायचा, लग्नाच्या पत्रिकेवर असायचा, गाडीच्या काचेवरही असायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ईमेलचा, बँकेचा, कशाचाही पासवर्ड तयार केला की लोक म्हणायचे, “विलासभाऊ, तुमच्याकडेच लिहून ठेवा. आमच्याकडून हरवेल.” माझ्या वहीत अर्ध्या पनवेलचे पासवर्ड होते. मला त्याचा अभिमान होता.

पुढे घरात लावायचे छोटे कॅमेरे आले, फोनवर दिसणारे. ते बसवताना आधी बसवणाऱ्याच्या फोनला जोडले जातात, मग मालकाच्या फोनवरही दिसायची सोय केली जाते. काम झालं की बसवणाऱ्याने स्वतःला त्यातून काढून टाकायचं असतं. कुणी काढत नव्हतं. पुढे बिघाड झाला तर बसल्या जागी बघता येतं, फेरी वाचते. गिऱ्हाईकही म्हणायचं, राहू द्या, तुमच्याकडे असलेलं बरं. माझ्या फोनात अशी तीसेक घरं होती. त्यातलं एक रूथबाईंचं.

बाईंचं नाव मी बदललेलं आहे. पण पनवेलमध्ये बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांची घरं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, नाव बदलून काय लपणार? म्हणून हा मजकूर आधी नसीमभाभींच्या हातून बाईंना वाचायला पाठवला. नसीमभाभी म्हणजे बाईंच्या समोरच्या दारातल्या शेजारीण. कागद आठ दिवसांनी परत आले. शुद्धलेखनाच्या सात चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या होत्या आणि दोन परिच्छेदांवर काट मारलेली होती. ते परिच्छेद इथे नाहीत.

लाल शाईचं कारण म्हणजे बाई माझ्या शिक्षिका. सातवीत त्यांनी मला गणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नाहीत तर अर्धे मार्क कापायच्या. नवरा गेल्यावर त्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकट्याच राहत होत्या. मुलगा सॅमी इस्राएलला. त्याने खूप बोलावलं, पण बाई गेल्या नाहीत. “तिकडे सगळं छान आहे, पण मला भाजी घेताना भांडता येत नाही,” म्हणायच्या.

एक दिवस सॅमीचा मला फोन आला. आईच्या घरात कॅमेरा लावायचा होता. “पण तिला सांगू नका. ती लावू देणार नाही. वायफायचा बूस्टर म्हणून सांगा.”

मी तसंच सांगितलं. टीव्हीच्या वरच्या फळीवर कॅमेरा बसवत असताना बाई खाली उभ्या राहून बघत होत्या. हॉल, जेवणाचं टेबल, भिंतीवरचा साहेबांचा, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा फोटो आणि स्वयंपाकघराचं दार एवढं त्यात दिसत होतं.

“विलास, याला डोळा कशाला?” त्यांनी विचारलं.

“तो लाइटचा सेन्सर आहे, बाई.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. आपला विद्यार्थी तोंडावर खोटं बोलेल असं त्यांना वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी सॅमीची तक्रार आली. दर शुक्रवारी संध्याकाळी कॅमेरा बंद पडतो आणि शनिवारी रात्री चालू होतो. बिघाड नव्हता. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत बाई राउटर बंद करायच्या. त्यांचा शब्बाथ, म्हणजे आरामाचा दिवस. मी भीत भीत विचारलं, राउटर चालू ठेवला तर काय बिघडतं? त्या म्हणाल्या, “सहा दिवस सगळं जग येतंच की आत. एक दिवस घर घराचं असू दे.”

सॅमीला हे सांगितलं तर तो म्हणाला, नेमकी त्या दिवशी काही झालं तर? त्याचीही काळजी खोटी नव्हती. मग मी काय केलं, तर बाई बाजारात गेलेल्या असताना नसीमभाभींकडून बाईंच्या घराची जादा किल्ली घेतली आणि दारावरच्या माळ्यावर जुन्या सुटकेसच्या मागे दुसरा छोटा राउटर बसवला. कॅमेरा त्याला जोडला. बाई शुक्रवारी स्वतःच्या हाताने बटण बंद करत राहिल्या आणि कॅमेरा चालू राहिला. वायर इतकी सफाईने लपवली होती की मलाच माझं कौतुक वाटलं.

इथपर्यंत दोष सॅमीच्या पदरात टाकता येईल. पुढचा माझा एकट्याचा आहे.

पहिल्यांदा मी खरोखरच कॅमेरा चालतो की नाही ते बघायला फोन उघडला. शुक्रवारची संध्याकाळ होती. बाईंनी डोक्यावर पदर घेतला होता. काचेच्या पेल्यातल्या तेलात वात लावून त्या डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या. मग खुर्ची ओढून साहेबांच्या फोटोसमोर बसल्या आणि बोलायला लागल्या. आठवडाभराचं सगळं. कॅमेऱ्याला आवाजही होता. मी फोन लगेच बंद केला नाही. पुढच्या शुक्रवारी तपासण्यासारखं काही नव्हतं, तरी उघडला. त्याच्या पुढच्याही. खरं लिहायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. त्या काय बोलायच्या ते मी इथे लिहिणार नाही. तेवढं तरी मला उशिरा का होईना समजलं आहे.

एकदा चहा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं, “काय बघताय एवढं?” मी फोन पालथा घातला आणि म्हणालो, क्रिकेट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. चूक आहे हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय त्या दिवशी संपली. आठ महिने हे चाललं. लोकांनी मला राखण करायला ठेवलं होतं आणि कुंपणच शेत खात होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंच्या लोकांचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास आला. त्याला त्यांच्यातली जुनी माणसं दारफाळणीचा सण म्हणतात. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदणी दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, पांढरे कपडे आणि दारं बंद. बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही, कुणाचं तोंड बघणं नाही. देवाशी काय तो हिशेब करायचा. गुडघ्यांमुळे बाईंनी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जाणं सोडलं होतं. त्या घरीच दार लावून बसायच्या.

मी त्या दुपारी करंजाड्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये फायबर ओढत होतो. जेवण झालं आणि सवयीने फोन उघडला. शुक्रवारही नव्हता.

टेबलाजवळची खुर्ची आडवी पडलेली होती. स्वयंपाकघराच्या दारात पांढरं पातळ दिसत होतं आणि एक हात. हात हलत होता. मी आवाज वाढवला. “नसीम,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, “नसीम.” आवाज खोल गेलेला होता. समोरच्या घरात टीव्ही चालू असणार, तिकडे काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

नसीमभाभींचा नंबर माझ्या फोनात होता. त्याही माझ्याच गिऱ्हाईक. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत दार उघडलं असतं. मी नाव काढलं, बोट त्याच्यावर ठेवलं आणि दाबलं नाही. भाभी पहिला प्रश्न काय विचारतील ते मला कळत होतं. तुम्हाला कसं कळलं?

मी सॅमीला फोन लावला. त्याने बघितलं असं सांगता आलं असतं. तीनदा लावला, तिन्ही वेळा बंद. तिकडे त्या दिवशी सगळा देशच बंद असतो. मग केबलच्या ड्रमवर बसून मी विचार केला. बाई जमिनीवर पडलेल्या मला दिसत होत्या आणि मी सबब शोधत होतो. ती सापडल्यावर गाडी काढली.

बिल्डिंगमध्ये पोचल्यावरही मी सरळ वर धावलो नाही. शिडी आणि हत्यारांची पिशवी घेतली, कामावर आल्यासारखं दिसायला. जिन्यातली फायबरची पेटी उघडली आणि नसीमभाभींची लाइन ओढून काढली. अर्ध्या मिनिटात त्या बाहेर आल्या.

“अरे विलासभाई, बरे वेळेवर आलात. सिरियल मध्येच अडकली बघा.”

“बाईंचंही बंद दिसतंय,” मी म्हणालो. “बेल वाजवू का?”

“आज नका. आज त्यांचा दार बंदचा दिवस ना.”

“तरी एकदा वाजवतो.” वाजवली. आतून बारीक आवाज आला. भाभींचा चेहरा बदलला. “या अल्लाह,” म्हणत त्या किल्ली आणायला धावल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं, साखर उतरली होती, ओठ कोरडे पडले होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं. तुमच्यामुळे वाचल्या.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक अर्धा तास आधीच गेलेला होता, आणि त्याहून जास्तच, हे फक्त मला माहीत होतं.

दोन दिवसांनी कमिटीने शाल दिली. बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “माझं काही नाही, लाइनची कंप्लेंट होती म्हणून गेलो.” लोकांना तो विनय वाटला. सॅमी फोनवर रडला. म्हणाला, तुम्ही माझे मोठे भाऊ. मी तेही ऐकून घेतलं.

चौथ्या दिवशी बाईंनी मला दवाखान्यात बोलावलं. ऑपरेशन झालेलं होतं, चेहरा उतरलेला होता, पण नजर वर्गातलीच. नसीमभाभी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना बाईंनी बाहेर बसायला सांगितलं.

“विलास, एक गणित सुटत नाहीये. नसीम सांगते, माझं नेट बंद होतं म्हणून तू बेल वाजवलीस. माझा राउटर मी आदल्या संध्याकाळी स्वतः बंद केला होता. कंप्लेंट कुणी केली?”

मी खाली बघितलं.

“सॅमी म्हणतो, तुझे तीन कॉल त्याला दुसऱ्या दिवशी दिसले. नसीमचं दार उघडायच्या आधीचे आहेत. पायऱ्या लिही.”

मी सगळं सांगितलं. बूस्टर, माळ्यावरचा राउटर, शुक्रवार, करंजाडं, जिन्यातली पेटी. खाली मान घालूनच सांगितलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, “किती वेळ?”

“आठ महिने, बाई.”

“ते नाही विचारलं. मी जमिनीवर होते आणि तुला दिसत होते. ते किती वेळ?”

“पाऊण तास.”

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. तिकडेच बघत म्हणाल्या, “मी यांच्याशी बोलायचे, ते?”

“हो.”

“जा आता.”

त्या दिवशी मी त्यांच्या घरचा कॅमेरा काढला, माळ्यावरचा राउटर काढला आणि माझ्या फोनातून सगळीच्या सगळी घरं पुसून टाकली. पासवर्डची वही फाडली. सॅमीलाही सगळं कळवलं. तो म्हणाला, “जाऊ द्या हो, शेवटी आई वाचली ना?” मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने आईला तिकडे न्यायची तयारी सुरू केली होती, एकटीला राहता येत नाही हे आता सिद्ध झालंय म्हणून. दोन महिने त्या माय-लेकांचा वाद चालला. वेळेवर दार उघडलं असतं तर गोष्ट जिवावर बेतली नसती; म्हणजे माझ्या त्या पाऊण तासाने बाईंचं घरच जायची वेळ आली होती. नसीमभाभींनी सकाळ-संध्याकाळ येऊन बसायचं कबूल केलं आणि बाई वॉकर घेऊन चालायला लागल्या, तेव्हा तो विषय थांबला. दाराशी त्यांनी एक दोरी बांधून घेतली आहे. ती ओढली की समोरच्या घरात घंटा वाजते. तिला ना वायफाय लागतं, ना माझ्यासारखा माणूस.

आता कुणाकडे कॅमेरा बसवायला गेलो की मी मालकाच्या हातात माझा फोन देतो आणि म्हणतो, मला यातून तुमच्या हाताने काढा, मी बघतो. लोक हसतात. “राहू द्या ना विलासभाऊ, तुमच्यावर विश्वास आहे.” मी हट्टाने काढायला लावतो. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला जवळ बोलावून सांगतो, हा कॅमेरा आहे, याला डोळा आहे आणि कान आहेत. त्यावरून दोन-तीन कामं हातची गेली.

गेल्या वर्षी तो सण आला तेव्हा मी आदल्या दिवशी दुपारी बाईंकडे गेलो. सण लागायच्या आधी माणसांची माफी माणसांकडेच मागून घ्यायची असते, देव ती परस्पर देत नाही, असं त्यांच्यात मानतात. हे मला कसं माहीत, तर एका शुक्रवारी बाई साहेबांच्या फोटोला सांगत होत्या तेव्हा मी ऐकलं होतं. पायऱ्या चढताना ते आठवलं आणि परत फिरावंसं वाटलं. तरी बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं, अर्धंच. वॉकरवर हात, पांढरं पातळ नेसून तयार. मागे टेबलावर तेलाचा पेला भरून ठेवलेला होता. मी नजर खाली घेतली.

“माफी मागायला आलो, बाई.”

“कळलं.”

मी उभा राहिलो. खालून रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता. शेवटी मला राहवलं नाही.

“बाई, केलीत का माफ?”

“ते मी आत जाऊन ठरवणार आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ठरवलं तरी तुला सांगणार नाही. विलास, एवढी एक गोष्ट माझ्या घरातली माझ्या घरातच राहू दे.”

मी मान हलवली. त्यांनी सावकाश दार लोटलं. वॉकरचे पाय फरशीवर दोनदा वाजले आणि कडी लागली. मी जिना उतरलो. आत पुढे काय झालं ते मला माहीत नाही.